कडूबाईची मूठभर ज्वारी

त्या काळी जिल्ह्याच्या गावच्या जनाना दवाखान्यात येणाऱ्या बाया मरणाला भीत नव्हत्या असं नाही. पण हिरव्या पडद्यामागच्या टेबलाला त्या जास्त भ्यायच्या. मरण निदान आपल्या घरी, आपल्या माणसांत येतं. टेबल परक्या खोलीत होतं, उंच होतं आणि त्याला पाय अडकवायला दोन लोखंडी कड्या होत्या. ढोकीपासून जळकोटापर्यंत त्या कड्यांची कीर्ती पोचलेली. कुणी सांगायचं, तिथं चिमटा घालून पिशवीच ओढून काढतात. कुणी सांगायचं, त्या टेबलावर एकदा चढलेली बाई पुन्हा नांदत नाही. मग दुखणं अंगावर काढायचं, चुलीपुढं कळ आली की पदर तोंडात कोंबायचा, आणि अगदीच उठता येईना झालं की घरच्यांनी बैलगाडीत घालून आणायचं. तोवर बहुतेकदा उशीर झालेला असायचा.

पडद्याच्या अलीकडं कडूबाई उभी असायची. ती दवाखान्यातली आया. पन्नाशीला टेकलेली, काटकुळी, आवाजानं खणखणीत. कपाळावर ठसठशीत कुंकू, पण नवऱ्याचं नाव कुणी विचारलं की तिला अचानक कमी ऐकू यायचं. थरथरणाऱ्या बाईच्या पाठीवर हात ठेवून ती म्हणायची, "भिऊ नगंस माय, म्या हाय की हितं." तेवढ्यानं बाईचा अर्धा जीव जागेवर यायचा. पण खरं सांगायचं तर त्या खोलीत टेबलाला सगळ्यांत जास्त भीत असेल तर ती कडूबाईच. वीस वर्षं ती ते टेबल पुसत होती, पण पुसायलाही हात लांबवून उभी राहायची.

टेबलावर चढलेली बाई नांदत नाही, हे सगळं खोटं आहे असं ती बायांना शपथेवर सांगायची. तिच्या बाबतीत ते खरं झालं होतं, एवढं मात्र सांगायची नाही.

तिचं माहेर अणदूरचं, सासर ढोकीकडचं. लग्नाला पाच वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा सासूनं तिला गाडीत घालून एका लांबच्या दवाखान्यात नेलं. निजामाचं राज्य होतं तेव्हा, आणि कडूबाई सतरा वर्षांची. तिला कुणी नाव विचारलं नाही, काय करणार तेही सांगितलं नाही. चौघींनी हातपाय धरले. ती "थांबा, थांबा" म्हणून ओरडत राहिली, तर एकीनं तिच्या तोंडावर हात दाबला. बाहेर येऊन कुणीतरी सासूला सांगितलं, दोष हिच्यातच आहे. महिन्याच्या आत लिंबाजीनं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, दुसरं लग्न केलं. लिंबाजी काही राक्षस नव्हता. आईच्या शब्दाबाहेर नव्हता, एवढंच. आणि अशा आज्ञाधारक माणसांनी जितक्या बायांचं वाटोळं केलंय, तितकं राक्षसांनीसुद्धा केलं नसेल.

कडूबाई माहेरी आली आणि बारा-तेरा वर्षं तिथंच राहिली. भाऊ बब्रुवान बरा माणूस, पण भावजयीला रोज हिचं तोंड बघवेना. शेवटी बब्रुवाननंच ओळखीनं तिला शहरात आणून दवाखान्यात कामाला लावलं. नशिबानंही थट्टा करावी ती किती! ज्या खोलीला ती जन्माची भ्याली होती, तशाच खोलीच्या दारात तिला भाकरी मिळाली. पुढं निजाम गेला, जिल्हा हैदराबादेतून मुंबई राज्यात आला, दवाखान्याची पाटी दोनदा रंगवली गेली. टेबल मात्र तेच राहिलं.

सत्तावन्न साली वनमालाबाई नावाच्या डॉक्टरीण पुण्याहून बदलून आल्या. हाताच्या चपळ, कामाच्या चोख, आणि स्वभावानं तापलेला तवा. सकाळी बाहेर चाळीस-पन्नास बाया बसलेल्या असायच्या आणि आत एक जण लाथा झाडत असायची. मग दोघी-तिघींनी धरायचं, बाईनं किंचाळायचं, बाहेरच्या बायांनी ते ऐकायचं, आणि त्यातल्या चार-पाच हळूच उठून घरचा रस्ता धरायच्या. वनमालाबाई हातमोजे काढून आपटायच्या. "माझ्याकडं बरं व्हायला येतात की कुस्ती खेळायला?" असं विचारायच्या. कडूबाई मान खाली घालून उभी राहायची. कुणाच्या पायाला धरायची पाळी आली की आपली भीती लपवायला ती मोठ्यानं ओरडायची, "हलू नगंस!" नंतर मोरीत जाऊन तिला ओकारी यायची.

एकदा सुगीत दगडाबाई नावाची एक बाई खळ्यावरून थेट दवाखान्यात आली. रक्त थांबत नव्हतं म्हणून घरच्यांनी तशीच उचलून आणलेली. तिच्या मुठीत ज्वारी होती. मूठ उघड म्हटलं तर उघडेना. तपासणी चालू असताना ती ओरडली नाही, लाथ मारली नाही. सगळा जोर त्या मुठीत गेलेला. कडूबाई बघत राहिली. पोराला खेळणं लागतं तसं घाबरलेल्या माणसाच्या हातालाही काहीतरी लागतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

चार दिवस तिनं मनाशी घोळवलं. मग धीर करून वनमालाबाईंच्या लिहायच्या टेबलापाशी गेली.

"बाई, एक इचारू? रागं भरू नगा."

"विचारा."

"बाईच्या हातात मूठभर ज्वारी द्यायची. तिला सांगायचं, लईच झालं तर मूठ सोड. दाणं खाली पडलं की तुमी हात काढायचा. असं कराल का?"

वनमालाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कडूबाई, बाहेर पन्नास बाया आहेत. मी दाणे मोजत बसू?"

"मोजू नगा. निस्तं थांबा."

त्या 'निस्तं थांबा'त काय होतं कोण जाणे. वनमालाबाई कुरकुरल्या, पण एक आठवडा करून बघू म्हणाल्या.

कडूबाईनं पितळेच्या डब्यात शाळू ज्वारी भरून खिडकीत ठेवली. मग तिनं आणखी दोन-तीन गोष्टी आपल्याच अधिकारात सुरू केल्या. आलेल्या बाईच्या सासूला ती आधी बाहेर काढायची; हे काम ती विशेष आवडीनं करायची. गुडघ्यांवर चादर टाकायची. बाया ज्याला चिमटा म्हणायच्या ते दोन पात्यांचं हत्यार कोमट पाण्यात ठेवायची आणि बाईच्या हातात देऊन म्हणायची, "बघ, हात लावून बघ. ह्याला दात हायत का? न्हाईत." मग उशाशी उभी राहून एकेक सांगायची: "आता ओलं लागंल. आता दाब पडंल. आता लांब श्वास सोड, चुलीत फुंकर मारती तसा." आणि मुठीत ज्वारी.

लाथा बंद झाल्या. किंकाळ्या बंद झाल्या. दीड वर्षात एकाही बाईनं मूठ सोडली नाही! कडूबाई हे ज्याला त्याला सांगायची. कंपाउंडरला सांगितलं, पाणी भरणाऱ्याला सांगितलं, बब्रुवान बाजाराला आला तेव्हा त्यालाही सांगितलं. तो बिचारा लाजून पानाच्या दुकानाकडं बघत राहिला. वनमालाबाईंनीही दवाखान्याच्या तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबांना कौतुकानं डबा दाखवला. कडूबाईला आयुष्यात पहिल्यांदा आपला अभिमान वाटला.

आणि त्याच दिवसांत एका सकाळी तिला लुगड्यावर डाग दिसला.

तिचं बंद होऊन दोन वर्षं झाली होती. दुसरी एखादी असती तर उष्णता म्हणून सोडून दिलं असतं. कडूबाईला ती सोय नव्हती. 'बंद झालेलं पुन्हा सुरू झालं' म्हणून येणाऱ्या बाया तिनं पाहिल्या होत्या. त्यांच्यापुढं वनमालाबाई एरवीसारख्या खेकसायच्या नाहीत. "किती दिवस झाले हो?" असं अगदी मऊ आवाजात विचारायच्या. त्या मऊ आवाजाचा अर्थ कडूबाईला पुरता ठाऊक होता. लवकर आलेली एखादी बाई मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जाऊन बरी होऊन यायची. उशिरा आलेलीला घरी परत पाठवायचे.

म्हणजे करायचं काय ते स्पष्ट होतं. दहा पावलांवर टेबल होतं आणि डॉक्टरीण तिला नावानं ओळखत होती. पण सोमवारी म्हणावं तर सोमवारी गर्दी. गुरुवारी म्हणावं तर गुरुवारी वनमालाबाईंचं डोकं दुखायचं. दोन महिने गेले. दुपारी खोली रिकामी झाली की ती डब्यातली ज्वारी मुठीत घ्यायची, टेबलाजवळच्या पायरीवर एक पाय ठेवायची आणि तिथंच घामानं भिजायची. लोखंडी कड्या बघितल्या की सतरा वर्षांची पोर तिच्या पोटात ओरडायला लागायची. ती स्वतःला समजवायची, दीड वर्षात एकीनंबी मूठ सोडली न्हाई. म्हणजे सोसण्यासारखंच आसंल. तेवढ्या एका गोष्टीवर तिचा सगळा भरवसा होता.

मग चन्नम्मा आली. जळकोटची लिंगायत शेतकऱ्याची बायको, तिशीतली, तीन लेकरांची आई. महिनाभर ताप आणि ओटीपोटात कळा. नवरा शरणबसप्पा बाहेर लिंबाखाली टोपी हातात घेऊन उभा. चन्नम्मा घाबरली होती, पण शहाण्यासारखी टेबलावर चढली, मुठीत ज्वारी घेतली, कडूबाई सांगेल तसा श्वास सोडला. आत सूज होती. वनमालाबाईंनी पोट दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. चन्नम्मा गप्प होती. मूठ मिटलेली होती. कडूबाईनं कौतुकानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, तर डोळे पांढरे झालेले.

धावाधाव झाली. पाणी मारलं, पाय वर केले. चन्नम्मा शुद्धीवर आली तरी मूठ तशीच. कडूबाईनं एकेक बोट उकलून काढलं. तळव्यात दाणे रुतले होते, आणि नखं लागून रक्त आलं होतं.

"आगं, मग सोडली का न्हाईस मूठ? म्या सांगितलं व्हतं की!"

चन्नम्मानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "धान कसं सोडू अक्का? भुईवर पडंल. कुणाच्या तरी पायाखाली येतंय की. पाप लागंल." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "सोसलं मी. पर धान न्हाई सांडलं."

कडूबाईच्या डोळ्यांपुढं अणदूरचं खळं आलं. तिची आई रास उचलल्यावरही वाकून वाकून एकेक दाणा वेचायची. चुकून पाय लागला तर तो दाणा कपाळाला लावायची. कडूबाई त्याच आईची लेक. आणि तिनं शेतकऱ्यांच्या बायांना सांगितलं होतं, दुखलं तर ज्वारी भुईवर टाका! दीड वर्षं कुणी मूठ सोडली नाही, कारण कुणी सोडणारच नव्हती. त्या सोसत होत्या. किती जणी, ते देवाला माहीत. आणि ही कडूबाई गावभर मिरवत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तोंडावर पदर घेऊन ती तिथंच रडली. पण लाजेच्या मागोमाग भीती आली, ती काही रडून जाईना. सोसण्यासारखं आहे ही जी एक खात्री तिनं धरून ठेवली होती, तीच खोटी निघाली होती.

दुसऱ्या दिवशी पहिली बाई टेबलावर आली तेव्हा कडूबाईनं तिच्या मुठीखाली आपली ओंजळ धरली. "भुईवर न्हाई माय. हितं, माझ्या हातात सांड. एक दाणा खाली जाऊ द्यायची न्हाई."

त्या दिवशी अकरा बाया तपासल्या. आठ जणींनी ज्वारी सांडली.

पहिल्या तिघींना वनमालाबाई वैतागल्या. पाचवीला त्यांनी न कुरकुरता हात काढला. आठवी गेल्यावर त्यांनी हातमोजे काढले आणि स्टुलावर बसून राहिल्या. "म्हणजे इतके दिवस, कडूबाई..." एवढंच म्हणाल्या. बाहेरच्या बायांना त्या दिवशी पाव तास जास्त थांबावं लागलं.

चन्नम्माला वॉर्डात ठेवलं होतं. पेनिसिलीनची इंजेक्शनं चालू होती, ताप उतरत होता. कडूबाई अपराध्यासारखी तिच्या उशाशी जायची, तिला पेज भरवायची. चन्नम्मा हुशार बाई. सहाव्या दिवशी तिनं कडूबाईनं मोरीबाहेर वाळत घातलेल्या पाळीच्या फडक्यांकडं पाहिलं, मग कडूबाईच्या पांढऱ्या केसांकडं.

"अक्का, तुमची बंद झाली आसंल की?"

कडूबाई दचकली. "व्हय. कवाच."

"मग ही कुणाची?"

कडूबाईला खोटं सुचेना. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि कुणाला कधी सांगितलं नव्हतं ते सगळं त्या जळकोटच्या बाईला सांगून टाकलं: डाग, दोन महिने, ढोकीकडचं सासर, चौघींचे हात, तोंडावरचा तळवा. "मला भ्या वाटतंय गं," ती म्हणाली. "मरायचं न्हाई. त्या टेबलाचं."

चन्नम्मानं खाटेवरून पाय खाली सोडले. "चला, यव्वा," आईला हाक मारावी तसं ती म्हणाली. "ओंजळ मी धरते."

"आत्ता?"

"मला उद्या घरी सोडत्यात. मग कोण धरंल?"

वनमालाबाई हात धुऊन निघायच्या बेतात होत्या. दारात या दोघी. एक आजारानं वाळलेली, दुसरी भीतीनं पांढरी पडलेली, आणि कुणी कुणाला आधार दिलाय ते कळत नव्हतं. चन्नम्मानंच सांगितलं. वनमालाबाईंनी कडूबाईकडं पाहिलं आणि विचारलं, "किती दिवस झाले हो?"

तोच मऊ आवाज. कडूबाई तिथूनच मागं फिरली असती, पण चन्नम्मानं दंड धरला होता.

वीस वर्षांत हजारो बायांना तिनं त्या टेबलावर चढवलं होतं. स्वतः चढताना पायरी कुठं आहे तेही तिला दिसेना. छत इतकं जवळ असतं हे तिला माहीत नव्हतं. चादर वनमालाबाईंनी टाकली. हत्यार कोमट पाण्यात ठेवायला कुणी नव्हतं, तर तेही त्यांनीच ठेवलं, आणि ते गरम होईपर्यंत उभ्या राहिल्या. कडूबाईच्या मुठीत ज्वारी होती. मुठीखाली चन्नम्माची ओंजळ होती, तळव्यावरच्या नखांच्या खुणा अजून दिसत होत्या.

वनमालाबाईंचा हात नुसता गुडघ्याला लागला आणि कडूबाईनं मूठ सोडली.

सगळे दाणे सर्रकन ओंजळीत पडले. वनमालाबाईंनी हात काढला. कुणी धरलं नाही, कुणी तोंड दाबलं नाही. डॉक्टरीणबाई दोन्ही हात वर करून नुसत्या उभ्या होत्या. ज्याचं वचन कडूबाईनं दीड वर्षं प्रत्येक बाईला दिलं होतं, ते खरंच होतं असं तिनं पहिल्यांदा पाहिलं.

चन्नम्मानं ओंजळीतली ज्वारी पुन्हा तिच्या मुठीत घातली. थोड्या वेळानं कडूबाई म्हणाली, "करा."

पुन्हा सांडली. पुन्हा हात निघाला. पुन्हा भरली. असं सात वेळा झालं. कामाच्या चोख, तापलेल्या तव्यासारख्या वनमालाबाई सात वेळा थांबल्या, आणि एकदाही त्यांनी घड्याळाकडं पाहिलं नाही. आठव्या वेळी तपासणी पुरी झाली. मूठ मिटलेली होती, पण सैल.

कडूबाई रडत होती. वनमालाबाईंना वाटलं, दुखलं म्हणून. "झालं, झालं," त्या म्हणाल्या.

"दुखलं न्हाई बाई," कडूबाई म्हणाली. "तवा कुणी एक डाव थांबलं असतं तर... एकच डाव."

वनमालाबाईंनी तिला उठवून बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. पिशवीच्या तोंडाशी गाठ आहे, लहान आहे. मिरजेला जावं लागेल, आणि याच आठवड्यात. दोन महिने आधी आला असतात तर बरं झालं असतं. आणखी दोन महिन्यांनी आला असतात तर मी मिरजेचं नावही काढलं नसतं. कडूबाईनं ऐकून घेतलं. भीती गेली नाही. तशी ती कुणाचीच एका दुपारीत जात नाही. पण तिनं विचारलं ते एवढंच, "तितलं टेबल बी असंच आसतंय का?"

"असंच," वनमालाबाई म्हणाल्या.

चन्नम्मानं कडूबाईच्या मुठीतली ज्वारी तिच्याच पदराच्या टोकात बांधली आणि दातांनी गाठ आवळली. दुसऱ्या दिवशी शरणबसप्पा तिला घेऊन जळकोटला गेला.

तीन दिवसांनी बब्रुवान कडूबाईला घेऊन मिरजेला निघाला. वाटभर ती पदराची गाठ चाचपत राहिली. तिथला दवाखाना भलामोठा, माणसं परकी, बोलणं भराभरा. एका नर्सनं तिला आत नेलं आणि टेबलाकडं बोट दाखवलं. जन्मात तिनं स्वतःसाठी कुणाकडं काही मागितलं नव्हतं. तिनं गाठ सोडली, दाणे मुठीत घेतले आणि त्या अनोळखी पोरीसमोर उभी राहिली.

"आधी हात पुढं कर माय," ती म्हणाली. "ओंजळ धर. ह्यात सांडलं की समद्यांनी थांबायचं. तुझ्या डाक्टरला सांगून ये, मग म्या चढते."